अमेरिकेचं शटडाऊन, महाराष्ट्राचं कर्ज आणि गुरुजींची पेन्शन

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडील चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाच्या (पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी मिळालेल्या) रकमेतला मोठा भाग गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी कर्जरोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवलाय, थोडा बँकेत आहे. अमेरिकेत सरकारच बंद पडल्याच्या बातम्या, महाराष्ट्रावरचं नऊ लाख कोटींचं कर्ज, लाडकी बहीण, ठेकेदारांची थकलेली बिलं, हे सगळं एकापाठोपाठ वाचून तुम्ही घाबरलात. पेन्शन थांबेल का, सरकारी रोखे बुडतील का, आणि सगळं काढून जळगावच्या सराफ बाजारात जाऊन सोनं घ्यावं का?

माझी नोकरी लेखा व कोषागारे खात्यात, बहुतेक धुळे, जळगाव, नंदुरबार याच पट्ट्यात झाली. आता पेन्शनर मंडळींची कागदपत्रं बघून देतो आणि पैसे कुठे ठेवावेत यावर मत देतो. हाच प्रश्न मला अहिराणीतही रोज येतो: "साहेब, पेन्शन बंद पडी जाई का?" उत्तर तुमच्या वडिलांचं वय, घरातला दुसरा पगार, फंडाचा प्रकार यांवर अवलंबून आहे, म्हणून "अमुक टक्के इकडे टाका" असं सांगणार नाही. पण भीती कुठे ठेवायची आणि कुठे नाही, एवढं नक्की सांगता येईल. सध्या ती चुकीच्या जागी आहे.

आधी अमेरिका, कारण घबराट तिथून सुरू झालीय. तिथे दोन वेगवेगळे तंटे होतात आणि आपल्याकडच्या बातम्यांत ते एकमेकांत मिसळतात. पहिला शटडाऊनचा. त्यांचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर खर्चाची विधेयकं मंजूर झाली नाहीत तर ज्या खात्यांना दरवर्षी मंजुरी लागते ती बंद पडतात, कर्मचारी घरी बसतात किंवा बिनपगारी राबतात. २०१८-१९ मध्ये हे ३५ दिवस चाललं, २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस. या काळातही म्हाताऱ्यांची सोशल सिक्युरिटी पेन्शन आणि रोख्यांचं व्याज चालूच राहिलं, कारण त्यांना कायमस्वरूपी कायद्याचा आधार आहे. दुसरा तंटा कर्जमर्यादेचा. सरकारने एकूण किती कर्ज काढायचं याला तिथे कायद्याने छत घातलंय. खर्च संसदेनेच मंजूर केलेला, पण त्यासाठी कर्ज काढायची परवानगी वेगळी मागायची. ती अडली तर व्याज आणि परतफेडही अडकू शकते. बाजार खरा घाबरतो तो याला.

घाबरून तो काय करतो तेही बघा. २०११ मध्ये हा तंटा अगदी शेवटच्या घटकेला मिटला आणि तीन दिवसांनी, ५ ऑगस्टला, स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने अमेरिकेची पत 'एएए'वरून 'एए प्लस' केली. सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर कोसळले आणि ज्या सरकारी रोख्यांची पत घटवली त्याच रोख्यांचे भाव वाढले. लोक घाबरून पळाले ते पुन्हा त्याच रोख्यांकडे. २०१३ मध्ये मात्र ज्या अल्पमुदतीच्या बिलांची तारीख नेमकी तंट्याच्या दिवसांत येत होती, तेवढ्यांवर बाजाराने जास्त व्याज मागितलं, बाकीच्यांना फारसा हात लावला नाही. म्हणजे पैसे बुडतील असं बाजाराला वाटत नव्हतं. त्याला भीती होती ती उशिराची. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो गुरुजींच्या पेन्शनलाही लागू होणार आहे.

आपल्याकडे असं शटडाऊन होत नाही. आपण फार शहाणे आहोत म्हणून नव्हे, रचनाच वेगळी आहे म्हणून. लोकसभेत किंवा विधानसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं, त्यामुळे सरकार जागेवर आणि खर्च बंद अशी अवस्था येत नाही. निवडणुकीचं वर्ष असेल तर लेखानुदान घेऊन काही महिन्यांची सोय होते. अगदीच घोळ झाला तेव्हाचं उदाहरण उत्तराखंडचं आहे. मार्च २०१६ मध्ये तिथल्या विनियोजन विधेयकावरून, म्हणजे तिजोरीतून खर्चाची परवानगी देणाऱ्या विधेयकावरून, वाद पेटला, विधेयक मंजूर झालं की नाही यावरच एकमत होईना, शेवटी राष्ट्रपती राजवट आली. तेव्हाही ३१ मार्चच्या आत केंद्राने वटहुकूम काढून खर्चाची वाट मोकळी केली.

आणखी एक गोष्ट कोषागारात काम केलेल्या माणसाला रोज दिसते, बाहेर कोणी बोलत नाही. अर्थसंकल्पातला प्रत्येक खर्च एक तर 'दत्तमत' असतो नाही तर 'भारित'. दत्तमत म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर करायचा. भारित म्हणजे राज्याच्या एकत्रित निधीवर थेट टाकलेला, त्यावर मतदान नाहीच. राज्याच्या कर्जाचं व्याज आणि परतफेड राज्यघटनेच्या कलम २०२ प्रमाणे भारित आहे. आमदारांची कितीही भांडणं होवोत, रोखेधारकाचं व्याज त्यांच्या हातात नाही. शिवाय राज्याचं बँक खातं रिझर्व्ह बँकेकडे, रोख्यांची परतफेडही तिच्याच मार्फत. तुमच्या फंडातले रोखे या अर्थाने रांगेत सर्वात पुढे उभे आहेत.

मग पैशाची चणचण जाते कुठे? रांगेच्या शेपटाकडे.

कर्जमर्यादेच्या तंट्याच्या जवळ जाणारं आपल्याकडचं उदाहरण केरळचं आहे. घटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्याच्या डोक्यावर केंद्राचं कर्ज शिल्लक असेल तर नवं कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. केंद्राने मर्यादा आवळली म्हणून केरळ डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने प्रकरण घटनापीठाकडे पाठवलं, तातडीचा दिलासा दिला नाही. त्या काळात तिथे काय झालं? रोख्यांचे पैसे वेळेवर गेले. सरकारी पगार मार्चमध्ये काही दिवस लांबले. आणि गरिबांना तेव्हा मिळणारी दरमहा १,६०० रुपयांची सामाजिक सुरक्षा पेन्शन कित्येक महिने थकली. सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचलने पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला देऊ असं जाहीर केलं. तिथेही पेन्शन बुडाली नाही, नऊ दिवस सरकली.

आपल्याकडे ही रांग कशी चालते ते जवळून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं तिजोरीत नोटा असतात आणि त्या संपतात. प्रत्यक्षात सगळा खेळ संगणकावरच्या निधीवितरणाचा असतो. अर्थसंकल्पात तरतूद शंभर रुपयांची असली तरी वित्त विभाग ती एकदम सोडत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो. बांधकाम खात्याचा माणूस ठेकेदाराचं बिल तयार करून बसलेला असतो, मोजमाप पुस्तिका भरलेली, सह्या झालेल्या, पण त्या लेखाशीर्षावर, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यावर, निधीच दिसत नाही, म्हणून बीडीएस, म्हणजे निधी असल्याची संगणकावरची पावती, निघत नाही. बिल नामंजूर होत नाही, त्यावर आक्षेपही लागत नाही. ते नुसतं पडून राहतं. ३१ मार्चच्या रात्री धुळ्याच्या कोषागारात ठेकेदारांचे कारकून चहाचे कप हातात घेऊन व्हरांड्यात बसलेले असायचे, आतून कोणी बाहेर आलं की सगळे एकदम उठायचे. एखाद्या शीर्षावर रात्री अकराला निधी पडला की पळापळ, नाही पडला तर पुढच्या वर्षाच्या रांगेत. त्याच रात्री, त्याच इमारतीत, पगार आणि पेन्शनची देयकं केव्हाच पास होऊन गेलेली असायची.

२०२० चा करोनाचा काळ हा या रचनेची कसोटी होती. महसूल अचानक आटला. राज्याने मार्चचे पगार दोन टप्प्यांत दिले, लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, वरच्या वर्गांचे ५०, तृतीय श्रेणीचे २५ टक्के मागे ठेवले, चतुर्थ श्रेणीला हात लावला नाही. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांचा खर्च तरतुदीच्या एक तृतीयांशावर आणला. राज्याच्या रोख्यांचं व्याज एक दिवसही चुकलं नाही. रांगेचा क्रम त्या वर्षी उघड्या डोळ्यांना दिसला.

आता गुरुजींच्या पेन्शनकडे. ती भारित खर्चात येत नाही, दत्तमत आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याच्या १७ डिसेंबर १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मेहरबानी नसून हक्क आहे हे पक्कं केलं. त्याच तारखेला पेन्शनर दिन पाळतात, वडिलांना ठाऊक असेल. पेन्शन बंद करणारं सभागृह मी कल्पनेतही पाहू शकत नाही. अडचण वेगळी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची पेन्शन थेट कोषागारातून होत नाही. शासनाचं अनुदान जिल्हा परिषदेला, तिथून पंचायत समितीला, तिथून बँकेला असा प्रवास असतो. अनुदान उशिरा आलं, कुणी रजेवर गेलं, यादी दुरुस्तीला गेली, की एक तारखेची पेन्शन पंधरा तारखेला पडते. याला लोक राज्य दिवाळखोर झाल्याची खूण समजतात. ती बहुतेक वेळा टेबलांची साखळी असते.

राज्याची खरी ओढाताण पेन्शनमध्ये उतरते ती गुपचूप, महागाई भत्त्यात आणि थकबाकीत. केंद्राने भत्ता वाढवला की आपल्याकडे काही महिन्यांनी शासन निर्णय निघतो. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, प्रत्यक्ष लाभ २०१९ पासून मिळाला आणि थकबाकीचे पाच वार्षिक हप्ते पाडले. त्यातला २०२० चा हप्ता वर्षभर पुढे ढकलला. वडिलांना विचारा, त्यांना तारखांसकट आठवत असेल. राज्य तुमचे पैसे बुडवत नाही, तुमच्याकडून बिनव्याजी उसने घेतं. पुढच्या वीस वर्षांत हेच होत राहील असं धरून चाला. म्हणून पेन्शनरने किमान तीन महिन्यांचा घरखर्च आणि औषधपाणी बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत ठेवावं. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर सहा महिन्यांचं.

रोख्यांकडे येऊ. गिल्ट फंडात पैसे बुडण्याचा धोका जवळपास नाही, भाव खाली-वर होण्याचा धोका आहे. बाजारात व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव पडतो. किती पडतो हे फंडाच्या मासिक पत्रकातल्या 'मॉडिफाइड ड्युरेशन' या आकड्यावरून अंदाजे कळतं. तो ८ असेल आणि दर एक टक्क्याने चढले तर फंड साधारण ८ टक्के उतरतो. वीस लाखांवर एक लाख साठ हजार. आकडा २ असेल तर तेवढ्याच धक्क्यात चाळीस हजार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. तेव्हा "सरकारी म्हणजे सुरक्षित" एवढंच ऐकून लांब मुदतीच्या फंडात शिरलेले कित्येक पेन्शनर माझ्याकडे कागद घेऊन आले होते. कुणाचेही पैसे बुडाले नव्हते, पण लग्नासाठी नेमके तेव्हाच काढावे लागलेल्याला त्या समाधानाचा काय उपयोग?

दर कधी चढतात? फार वेळा त्याचा अर्थसंकल्पाशी संबंधच नसतो, महागाईशी असतो. पण सरकार "पैसा आणणार कुठून" याचं उत्तर न देता मोठं आश्वासन देतं तेव्हा बाजार धडा शिकवतो. ब्रिटनमध्ये २३ सप्टेंबर २०२२ ला नव्या सरकारने मोठी करकपात जाहीर केली, ती भरून कशी काढणार हे सांगितलं नाही. काही दिवसांत सरकारी रोख्यांचे दर असे उसळले की पेन्शन फंड अडचणीत आले, बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदी करायला उतरावं लागलं आणि महिना उलटायच्या आत पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. तिथे संसदेत कसलीही कोंडी नव्हती, बहुमत होतं. आणि निमित्त कल्याणकारी योजनेचं नव्हतं, करकपातीचं होतं. बाजाराला गरिबांचा राग नसतो. त्याला न जुळणाऱ्या बेरजेचा राग असतो.

आता तुमच्या तिसऱ्या, जरा चिडलेल्या प्रश्नाकडे: "या फुकटच्या योजना परवडतात का?" आकडे घेऊ. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या राज्याच्या अर्थसंकल्पात २०२५-२६ साठी महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी, महसुली तूट (चालू खर्चाला कमी पडणारी रक्कम) सुमारे ४५ हजार ९०० कोटी, राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायची एकूण रक्कम) सुमारे १ लाख ३६ हजार कोटी धरली होती आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. पुरवणी मागण्यांनी हे आकडे पुढे बदलतात, पण चित्र कळायला पुरेसे आहेत. नऊ लाख कोटी ऐकून छातीत धस्स होतं. सरकारच्या जमेशी नव्हे, साऱ्या राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी ताडून बघा, त्या अंदाजात ते १९ टक्क्यांच्या आसपास होतं. पंजाबचं हेच प्रमाण चाळीसच्या वर आहे. राजकोषीय तूटही त्या अंदाजात तीन टक्क्यांच्या मर्यादेत होती. त्यामुळे महाराष्ट्र बुडत चाललाय हे म्हणणं खरं नाही.

मला खटकते ती महसुली तूट. ती म्हणजे ऋण काढून सण. कर्ज काढून धरण बांधलं तर उद्या पाणी मिळतं. कर्ज काढून चालू खर्च भागवला तर उद्या फक्त हप्ता उरतो. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६ हजार कोटी ठेवले. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार, त्या रकमेत दोन कोटी बायका बसतात. महसुली जमेच्या शंभर रुपयांतले साडेसहाच्या आसपास रुपये. निवडणुकीत कबूल केलेले २,१०० द्यायचे तर तेवढ्याच बायकांना आणखी १४ हजार ४०० कोटी लागतील. माझं मत विचाराल तर आजच्या जमेत १,५०० ओढून-ताणून बसतात, २,१०० बसत नाहीत. बसवायचे तर काय कमी करणार किंवा कोणता कर वाढवणार हे आधी सांगावं.

पण "फुकटचं" या शब्दाने भांडण सुरू केलंत तर आरसाही समोर धरावा लागेल. आपल्या रावेर-यावलचा केळीवाला बायकांच्या दीड हजारावर तोंडसुख घेतो, तेव्हा त्याच्या साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीचं बिल एप्रिल २०२४ पासून राज्य भरतंय. त्यावर वर्षाला पावणेपंधरा हजार कोटींच्या घरात खर्च होतो. आणि राज्याचा पेन्शनवरचा खर्च लाडकी बहीणच्या जवळपास दुप्पट आहे. मी स्वतः त्या पेन्शनवर जगतो, तुमचे वडीलही. पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली जमेतला निम्म्याहून जास्त भाग जातो. उरलेल्यात बाकी सगळं.

कल्याणकारी राज्य परवडतं का, याचं उत्तर रकमेत नाही, जमा करायच्या तयारीत आहे. डेन्मार्कसारख्या देशात राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त रक्कम करातून येते, आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून अठराच्या आसपास. त्यांच्या योजना मागायच्या आणि आपले कर भरायचे, हे जमणार नाही. आणि महाराष्ट्राला हे कुणी शिकवायची गरज नाही. वडिलांची एखादी जुनी वेतनचिठ्ठी काढा. कपातीच्या रकान्यात व्यवसाय कर दिसेल, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राबवलेली, १९७७ च्या कायद्याने हक्क झालेली. शहरातल्या पगारदाराने कर द्यायचा, सरकारने तेवढीच रक्कम घालायची आणि त्यातून खेड्यात खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळायची. पुढे तो पैसा पूर्ण तिकडेच गेला का हा वेगळा वाद. पण योजना जाहीर करतानाच तिची जमेची बाजू लिहिली होती. अलीकडच्या एकाही योजनेबद्दल मला असं म्हणता येत नाही, पक्ष कोणताही असो.

जमेची बाजू नसेल तर किंमत रांगेचं शेपूट मोजतं, आणि खान्देश त्या शेपटात नेहमीच असतो. अमळनेर तालुक्यातलं पाडळसे धरण, म्हणजे निम्न तापी प्रकल्प, घ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याची किंमत १४२ कोटींच्या आसपास होती. २०२३ मध्ये सुधारित मान्यता मिळाली ती सुमारे ४,८९० कोटींची. याचं खापर लाडकी बहीणवर फोडू नका, ती आली २०२४ मध्ये. पाडळसे त्याआधी पंचवीस वर्षं अडकून होतं, कारण दरवर्षी थोडा निधी मिळायचा आणि बाकीचा दुसऱ्या कशाकडे तरी जायचा. तुमच्या चोपडा तालुक्यालाही त्याचं पाणी मिळायचं आहे. धरण लांबलं म्हणून रोख्यांचे भाव पडत नाहीत, मूडीजसारखी पतमापन संस्था काही म्हणत नाही. म्हणून तर कापायला ते सोपं.

नंदुरबारकडे हे एकाच घरात दिसतं. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी लाडकी बहीणकडे वळवला गेला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या घरात आईच्या खात्यावर दीड हजार जमा होतात आणि मुलाची शिष्यवृत्ती मागच्या वर्षाची अडकलेली असते. त्या बाईला विचारलं तर ती दीड हजार सोडायला तयार नसते, आणि तिचं बरोबर आहे. ते तिच्या नावावर, तिच्या हातात येतात, किराणा आणि दवाखाना त्यातून होतो. शिष्यवृत्ती कधी येईल हे तिला कुणी सांगतही नाही. योजनेविरुद्ध बोलणाऱ्यांनी हे समजून घ्यावं आणि योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो मुलगाही बघावा.

आता पैसे खरंच कुठे बुडतात ते. केंद्र सरकार रुपयात काढलेलं कर्ज बुडवणार नाही. राज्य सरकार नोटा छापू शकत नाही, पण त्याच्यामागे रिझर्व्ह बँकेची उचल आहे आणि शिस्तही आहे: सलग १४ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ओव्हरड्राफ्टमध्ये राहता येत नाही. राज्य सरकारच्या खाली, महापालिका आणि पतसंस्थांकडे, उतरलात की गोष्ट बदलते. हुडको या घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या केंद्राच्या कंपनीचं कर्ज थकलं म्हणून जळगाव महापालिकेची बँक खाती गोठवल्याचं जळगावकर विसरलेले नाहीत. आणि पतसंस्थांबद्दल मी खान्देशातल्या माणसाला काय सांगू? दोन टक्के जास्त व्याजापायी निवृत्तीची पुंजी घालवलेले गुरुजी प्रत्येक तालुक्यात आहेत. बँकेत, सहकारी बँकेतही, प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. अमेरिकेच्या बातमीने झोप उडालेला माणूस पतसंस्थेची पावती कपाटात ठेवून निवांत असतो, हे मी फार वेळा पाहिलंय. तुमच्या घरी अशी पावती असेल तर गिल्ट फंडाआधी ती काढा.

सोन्याबद्दल थोडक्यात. घरच्या एकूण पुंजीचा दहावा हिस्सा सोन्यात असायला हरकत नाही, आईच्या अंगावरचं धरून तो बहुधा आहेच. घाबरून एकदम सगळं सोनं करणं म्हणजे तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ आजच देऊन टाकणं. वर ज्याचं दरमहा काही येत नाही अशी वस्तू घरात ठेवणं. २०१३ नंतर बरीच वर्षं सोनं जागच्या जागी होतं, हे आजचे भाव बघून कुणाला खरं वाटत नाही.

माझा हिशोब असा आहे. गुरुजींची पेन्शन हाच त्यांच्याकडचा सर्वात मोठा सरकारी रोखा आहे. समजा महिना ३५ हजार मिळतात. सात टक्क्यांनी एवढं व्याज यायला साठ लाख ठेवावे लागले असते. शिवाय त्यावर महागाई भत्ता, उशिरा का होईना. म्हणजे त्यांचा मोठा भार आधीच राज्य सरकारवर आहे. त्यामुळे हातातली रक्कम पुन्हा लांब मुदतीच्या सरकारी फंडातच कोंबायची गरज नव्हती. मी असतो तर आधी तीन ते सहा महिन्यांचा खर्च मोकळा ठेवला असता. मग पोस्टाची किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना भरली असती. तिची मर्यादा ३० लाख आहे, केंद्राची योजना आहे, व्याज दर तिमाहीला हातात येतं आणि रोज भाव बघत बसावं लागत नाही. पुढच्या पाच-सात वर्षांत लागणार नाही एवढाच भाग गिल्टमध्ये ठेवला असता. फंड मोडताना कर बघा. १ एप्रिल २०२३ पासून पुढे घेतलेल्या युनिटचा नफा उत्पन्नात धरला जातो, म्हणून दोन आर्थिक वर्षांत विभागून काढलेलं बरं.

फंडाच्या पत्रकातला ड्युरेशनचा आकडा, वडिलांचं वय आणि घरात दुसरा पगार आहे का, हे कळवलंत तर किती रक्कम हलवायची ते नेमकं सांगेन. तोवर एक काम करा. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढून त्यात कुटुंब पेन्शनसाठी नोंदलेलं आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय का बघा, आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला वेळेवर द्या. माझ्या पाहण्यातल्या बंद पडलेल्या पेन्शन याच दोन कारणांनी बंद पडल्या होत्या.